काउन्सिलने दारू-करमणूक लायसन्स पॉलिसीवर हरकती-सूचना मागवल्यात, लिहू का नको?

खिडकीबाहेर | शनिवार, रात्री १२:५२

नमस्कार मंडळी. वेळ बघूनच कळलं असेल मी जागा का आहे. प्रश्न यूकेवाल्यांसाठी आहे, बाकीच्यांनी कंटाळा आला तर पुढे सरका.

आम्ही लंडनबाहेरच्या एका मध्यम गावात राहतो, हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. समोर तिरका एक पब आहे. नऊ वर्षं झाली आम्हाला इथे, सुरुवातीला काही त्रास नव्हता, चार म्हातारे आणि एक कुत्रा एवढंच गिऱ्हाईक. मग मालक बदलला, मागच्या अंगणात मांडवासारखं छप्पर आलं, हीटर आले, शुक्रवार-शनिवार लाइव्ह बँड आला. गाण्याचं एकवेळ परवडलं हो, ते अकराला थांबतं. पण पब बंद झाल्यावर लोक फुटपाथवर उभे राहून जो निरोप समारंभ करतात ना, आपल्याकडे पाहुणे कसे "चला निघतो" म्हणून दारात अजून अर्धा तास उभे राहतात अगदी तसंच, फक्त आवाज दहापट आणि मधेच कोणीतरी कुंडीत ओकतो. कुंडी आमची. त्यात कढीपत्ता होता.

आता परवा काउन्सिलकडून (इथली नगरपालिका म्हणा) ईमेल आली की लायसन्सिंग पॉलिसीचा आढावा घ्यायचं चाललंय, दारू, गाणंबजावणं, रात्रीचं खाणं सगळं त्यात येतं, मसुदा वेबसाइटवर टाकलाय आणि हरकती-सूचना मागवल्यात. मी डाउनलोड करून बसलो, ७४ पानं, चौदाव्या पानावर चहा करायला उठलो तो परत बसलोच नाही. एवढंच कळलं की त्या पबचं नाव त्यात कुठेही नाही आणि आमच्या गल्लीचंही नाही. मग मी लिहायचं काय? आणि लिहून फरक पडतो का, की पुण्याच्या डीपीसारखं (विकास आराखडा हो), हरकती हजारो येतात आणि रस्ता जायचा तिथूनच जातो?

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. मी इथल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी आहे, सेक्रेटरी म्हणजे खुर्च्या लावणारा आणि शेवटी हॉलची किल्ली परत करणारा. गणपतीला ढोल, दिवाळीला दारूचा बार, कोजागिरीला मध्यरात्रीपर्यंत दूध. म्हणजे पबवाल्यावर कडक नियम मागायचे आणि उद्या तेच आपल्या हॉलवर उलटले तर? बायको म्हणाली, आपला तो बाब्या.

पबवाल्याशी दोनदा बोललोय. माणूस वाईट नाही, "सॉरी मेट" म्हणतो आणि पुढच्या शुक्रवारी परत तेच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

शंकासुर | शनिवार, सकाळी ९:१०

कढीपत्त्याबद्दल सहवेदना. बाकी वेळ घालवू नका. हे कन्सल्टेशन म्हणजे लग्न ठरल्यावर मुलीला विचारतात "पसंत आहे ना गं" तसलं आहे. आमच्या गावात मागच्या वेळी मी चांगली दोन पानं लिहून पाठवली होती, उत्तर आलं "नोंद घेतली". नोंद घेतली!! वहीत का?

---

अनारसे | शनिवार, सकाळी ११:३५

खिडकीबाहेर दादा, मी एका काउन्सिलात (तुमच्या नसावं) लायसन्सिंगच्या टेबलावर सहा वर्षं काढलीत, आता ते सोडून शाळेत आहे, त्यामुळे मोकळेपणी लिहिते. मोठं होईल.

आधी हा कागद आहे काय ते बघू. इंग्लंड आणि वेल्समध्ये लायसन्सिंग ॲक्ट २००३ चालतो, तो प्रत्यक्ष लागू झाला नोव्हेंबर २००५ मध्ये. त्याआधी दारूचं लायसन्स मॅजिस्ट्रेट देत असत आणि गाण्याबजावण्याचं वेगळं असायचं, ह्या कायद्याने सगळं एका जागी काउन्सिलकडे आणलं. त्याच कायद्यात आहे की प्रत्येक काउन्सिलने आपली पॉलिसी लिहून जाहीर करायची. पूर्वी ती दर तीन वर्षांनी करावी लागायची, २०११ च्या कायद्याने पाच केली. म्हणजे ही गाडी चुकली की पुढची पाच वर्षांनी. मधे बदलता येते, पण आपणहून कोण त्या ७४ पानांना हात लावतंय. आणि साहेबाने सही केली की झालं असं नसतं, पोलीस, फायर, पब्लिक हेल्थचे डायरेक्टर, लायसन्सवाल्यांचे प्रतिनिधी, रहिवाशांचे आणि धंदेवाल्यांचे प्रतिनिधी ह्या सगळ्यांना विचारावंच लागतं, आणि शेवटची मंजुरी फुल काउन्सिलची, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेची. ते काम कुठल्या कमिटीवर ढकलता येत नाही. म्हणून जे लिहाल ते तुमच्या वॉर्डच्या नगरसेवकालाही पाठवा, मत तोच देणार आहे.

पबचं नाव नसणारच, कारण पॉलिसी एका पबबद्दल नसते. पण उद्या कोणी नवीन अर्ज केला, वेळ वाढवून मागितली, किंवा असलेल्या लायसन्सवर रिव्ह्यू लागला (म्हणजे तक्रारीवरून ते परत तपासायला घेतलं) आणि वाद झाला, की तीन नगरसेवकांची सबकमिटी बसते आणि त्यांच्या पुढ्यात हाच कागद असतो. अर्जदाराचा वकील उभा राहतो आणि म्हणतो पान अमुक परिच्छेद तमुक बघा, आमचं सगळं त्यात बसतंय. मग शेजारी उभा राहतो आणि म्हणतो मला झोप लागत नाही. मी अशा पन्नासेक सुनावण्यांना बसलेय, शेजाऱ्याचं म्हणणं खरं असायचं हो, पण त्याला बोट ठेवायला वाक्य नसायचं. ते वाक्य आत घालायची वेळ आत्ता आहे.

आता एक गोष्ट जी जवळजवळ सगळ्यांना चुकीची माहीत असते. पॉलिसी कितीही कडक असू दे, अर्ज नीट भरलेला आहे आणि कोणीच हरकत घेतली नाही तर काउन्सिलला लायसन्स द्यावंच लागतं. द्यावंच. पॉलिसीत "ह्या रस्त्यावर शक्यतो नको" लिहिलेलं असलं तरी. हरकत आली तरच सुनावणी, सुनावणी झाली तरच पॉलिसीला काही अर्थ. पोलीस आणि एन्व्हायर्नमेंटल हेल्थ (आवाज-उपद्रव बघणारं काउन्सिलचं खातं) हरकत घेऊ शकतात, २०१२ पासून लायसन्सिंगवाले स्वतःही घेऊ शकतात, पण रात्री साडेबाराला तुमच्या गल्लीत ते उभे नसतात, तुम्ही असता. म्हणून दुकानाच्या काचेवर फिकट निळ्या रंगाचा कागद दिसला की थांबून वाचत जा, तो अर्जाचा असतो आणि २८ दिवसांची मुदत असते. लोक त्याच्यावरून रोज चालत जातात आणि चार महिन्यांनी आम्हाला फोन करून ओरडतात की आम्हाला कोणी विचारलं नाही.

आणि हरकत चारच मुद्द्यांवर चालते: गुन्हे आणि दंगा, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव, मुलांचं रक्षण. ह्या चारांच्या बाहेरचं सगळं बाद. घराची किंमत कमी होईल, बाद. गावात आधीच पाच पब आहेत सहावा कशाला, बाद, गरज आहे की नाही हे लायसन्सिंगने बघायचंच नसतं. दारू वाईट असते, हे तर मी स्वतः केराच्या टोपलीत टाकलंय, माफ करा काका जे कोणी होता. लिहायचं झालं तर उपद्रव ह्या खात्यात लिहा.

आता तुमच्या बँडबद्दल. तो अकराला थांबतो तो मालकाच्या सभ्यपणामुळे नव्हे. लाइव्ह म्युझिक ॲक्ट २०१२ आला तेव्हापासून पबमध्ये सकाळी ८ ते रात्री ११ लाइव्ह गाण्याला वेगळी परवानगीच लागत नाही, आधी २०० लोकांपर्यंत होतं, २०१५ पासून ५०० लोकांपर्यंत. अकरानंतर लागते, म्हणून तो थांबतो. त्यामुळे "बँड बंद करा" असं पॉलिसीत मागून उपयोग नाही, पॉलिसी कायद्याच्या वर जात नाही. पण एखाद्या पबवर रिव्ह्यू झाला आणि आवाजाचा त्रास सिद्ध झाला तर सबकमिटी त्याच्यापुरती ही सूट काढून घेऊ शकते. रिव्ह्यू तुम्हीही मागू शकता, फी नाही. मात्र वही ठेवा, तारीख, वेळ, काय ऐकू आलं, कुठल्या खोलीत. कुंडीचाही फोटो ठेवा, हसू नका, आमच्याकडे एकीने जिन्यावरच्या ग्लासांचे फोटो आणले होते आणि मालक गप्प बसला होता.

मग पॉलिसीत मागायचं काय? अंगणाची बंद व्हायची वेळ आतल्या वेळेपेक्षा आधीची असावी. बंद होताना लोकांना कसं पांगवणार हे अर्जदाराने आधीच लिहून द्यावं, ह्याला धंद्यात डिस्पर्सल प्लॅन म्हणतात. रात्री अकरानंतर काचेच्या बाटल्या डब्यात ओतायच्या नाहीत (हा आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच माहीत). शेजाऱ्यांना उचलला जाणारा फोन नंबर द्यावा. असं बारीक बारीक लिहा, "आवाज कमी करा" असं लिहू नका. आणि एक मर्यादाही माहीत असू दे, माणूस पबच्या आसपासच्या भागातून पुढे गेला की तो त्याचा तो जबाबदार, तीन गल्ल्या पलीकडच्या ओकारीसाठी लायसन्सवाल्याला धरता येत नाही. तुमची कुंडी समोरच आहे म्हणून बरं.

---

अनारसे | शनिवार, सकाळी ११:४८

शंकासुर, तुमच्या "नोंद घेतली"वर: १९८५ साली लंडनच्या ब्रेंट काउन्सिलविरुद्ध शाळांवरून गनिंग म्हणून खटला झाला होता, त्यातून चार कसोट्या आल्या त्या अजून चालतात. निर्णय पक्का व्हायच्या आधी विचारलं पाहिजे, लोकांना समजेल एवढी कारणं दिली पाहिजेत, पुरेसा वेळ दिला पाहिजे, आणि आलेल्या उत्तरांचा मनापासून विचार केला पाहिजे. नाही केला तर कोर्टात जाता येतं. म्हणून फुल काउन्सिलपुढे जो रिपोर्ट जातो त्याला बहुतेक ठिकाणी एक तक्ता जोडलेला असतो, कोणी काय लिहिलं आणि आम्ही त्याचं काय केलं. तुमची दोन पानं त्यात एका ओळीत असतील, जाऊन बघा. आमच्याकडे पूर्ण गावातून एकदा अकरा उत्तरं आली होती. अकरा. त्यातली चार दारूधंद्याच्या वकिलांची. बारावं तुमचं आलं असतं तर वजन पडलं असतंच ना.

---

शंकासुर | शनिवार, दुपारी १:०२

बघितलं. सापडलं. ओळ क्रमांक २७, "पॉलिसीच्या कक्षेबाहेर". मी पार्किंगबद्दल लिहिलं होतं. मागे घेतो शब्द, अर्धे.

---

तर्री_जास्त | शनिवार, दुपारी ४:२०

दुपारची शिफ्ट संपली म्हणून आत्ता लिहितोय. सगळे शेजाऱ्यांच्या बाजूने बोलताहेत तर जरा काउंटरच्या ह्या बाजूचंही ऐका. माझं मिडलँड्समध्ये छोटं हॉटेल आहे, ३२ खुर्च्या, मिसळ, वडापाव, थालीपीठ आणि संध्याकाळी बिअर. लायसन्सची सरकारी फी काही जास्त नाही, दुकानाच्या रेटेबल व्हॅल्यूप्रमाणे (कर लावायला जागेचं धरलेलं मूल्य) गट असतात, माझ्या गटाला अर्जाचे १९० पौंड आणि मग दरवर्षी १८०, आणि हे आकडे २००५ पासून हललेले नाहीत, ह्या देशात दुसरं काही असं आहे का सांगा. खर्च बाकीचाच, प्लॅन काढून घ्या, पेपरात जाहिरात द्या, पर्सनल लायसन्ससाठी (हे दुकानाचं नाही, दारू विकणाऱ्या माणसाचं) कोर्स करा, पोलिसांशी अटींवर ईमेल ईमेल खेळा.

आणि मी जिथे दुकान घेतलं तो रस्ता निघाला क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्टवाला. नवीन लोकांसाठी सांगतो, एखाद्या भागात लायसन्सं फार झाली आणि त्यांचा मिळून त्रास होतोय असं काउन्सिलने पुराव्यानिशी दाखवलं तर तिथे नवीन अर्जाला हरकत आली की "नाही" हीच सुरुवात धरतात, आणि आपल्यामुळे भर पडणार नाही हे अर्जदाराने पटवायचं. ब्रायटन, वेस्टमिन्स्टर ही ह्याची जुनी नावाजलेली ठिकाणं. २०१८ पासून हे कायद्यात नीट लिहिलंय आणि दर तीन वर्षांनी पुरावा परत तपासावा लागतो. आता गंमत अशी की माझ्या शेजारचा नाइटक्लब आधीपासूनचा, त्याला काही नाही, तो पहाटे तीनपर्यंत चालू, आणि मी ३२ खुर्च्या आणि कांदाभजी घेऊन सबकमिटीपुढे उभा, की माझ्यामुळे गावात दंगल होणार नाही. एका शेजाऱ्याची हरकत होती, त्यात "मसाल्याचा वास" हाही मुद्दा होता. चेअरबाईंनी तो बाजूला ठेवला, चांगल्या होत्या. शेवटी मिळालं, अटी अशा की दारू फक्त जेवणासोबत, टेबलावर बसलेल्यालाच, आणि अकराला बंद. मला तेच हवं होतं, पण त्यासाठी सात महिने भाडं भरलं ते बंद दुकानाचं.

म्हणून खिडकीबाहेर भाऊ, एक विनंती. लिहिताना "ह्या रस्त्यावर कोणालाच देऊ नका" असं लिहू नका. बसून जेवणारा आणि उभ्याने पिणारा ह्यांच्यात फरक करा असं लिहा. उभ्याने पिण्याच्या जागांना धंद्यात व्हर्टिकल ड्रिंकिंग म्हणतात, त्रास मुख्य तिथला. तुम्ही सरसकट बंदी मागितलीत की जुना दंगेखोर पब मोकळा राहतो, त्याला उलट स्पर्धा राहत नाही, आणि मरतो तो नवीन थालीपीठवाला.

अजून एक, दारू नसली तरी हा कायदा लागतो बरं का. रात्री ११ ते पहाटे ५ गरम खाणं किंवा गरम पेय विकायचं तर लेट नाइट रिफ्रेशमेंटचं लायसन्स लागतं. म्हणजे अकरा वाजून पाच मिनिटांनी गरम वडा बेकायदा, श्रीखंड कायदेशीर. मला एकाने हसत विचारलं होतं, थंड वडा विकशील का. असल्यांना मी गिऱ्हाईक समजत नाही.

---

कृष्णाकाठ | शनिवार, संध्याकाळी ५:५५

सांगलीहून. धागा भारी चाललाय, वाचतोय. एक शंका, तुमच्याकडे आडवी बाटली नाही का? आमच्याकडे दारूचं दुकान नको असेल तर वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्या करून अर्ज द्यायचा, सह्या तपासतात, मग गुप्त मतदान, कागदावर उभी बाटली आणि आडवी बाटली, आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. २००८ च्या आदेशात गाव आणि शहर दोन्हींची सोय आहे. आमच्या पलीकडच्या गावात बायकांनी केलं होतं, मतदानाला घराघरातून रिक्षा लावल्या होत्या, आणि निकालाच्या दिवशी काही पुरुष मंडळी तोंड पाडून पारावर बसलेली मी स्वतः बघितली आहेत. (नंतर ते पुढच्या फाट्यावर जायला लागले ते सोडा.) मात्र तुमच्यासारखं पाच वर्षांनी पॉलिसीवर लोकांना विचारणं वगैरे इथे नाही, लायसन्स म्हणजे राज्य उत्पादन शुल्क आणि कलेक्टर ऑफिस, महापालिकेचा त्यात फारसा आवाज नाही. शिवाय आमच्याकडे पिणाऱ्यालाही परवाना लागतो, तुमच्याकडे फक्त विकणाऱ्याला, बघा कोण जास्त शिस्तीचं!

---

ग्लासगोकर | शनिवार, संध्याकाळी ७:३०

कृष्णाकाठ, आडवी बाटली इथे होती की! स्कॉटलंडमध्ये १९१३ चा टेम्परन्स ॲक्ट होता, १९२० पासून गावोगाव मतदान व्हायचं, आणि ग्लासगोजवळचं किर्किंटिलॉक कित्येक दशकं कोरडं होतं. माझ्या शेजारच्या आजी तिथल्याच, त्या सांगतात की शनिवारी बस भरून पुरुष शेजारच्या गावी. तुमच्या फाट्यासारखंच. वेल्समध्येही रविवारी पब उघडायचे की नाही ह्यावर जिल्ह्याजिल्ह्यात सार्वमत व्हायचं, शेवटचा ड्वायफोर जिल्हा १९९६ ला ओला झाला.

आणि बाकीच्यांनी वरचं सगळं स्कॉटलंडला लावू नका, इथे कायदा वेगळा आहे, २००५ चा. काउन्सिल थेट नाही, लायसन्सिंग बोर्ड असतं (नगरसेवकच, टोपी वेगळी). आणि अनारसे ताईंनी जे चार मुद्दे सांगितले त्यात इथे पाचवा आहे, सार्वजनिक आरोग्य. त्यामुळे "ह्या भागात आता पुरे झाली दुकानं" हे इथे पॉलिसीतच लिहावं लागतं, त्याचा वेगळा अभ्यास करतात. दुकानातून बाटली घ्यायची तर सकाळी १० ते रात्री १० एवढंच, आणि २०१८ पासून दारूला किमान किंमत आहे, युनिटला (म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलला) ५० पेन्स होती ती सप्टेंबर २०२४ अखेरीस ६५ केली. मी लंडनहून इथे आलो तेव्हा रविवारी सकाळी नऊला पाहुण्यांसाठी वाइन घ्यायला टेस्कोत गेलो आणि बाईने ती बाटली माझ्या हातातून अशी काढून घेतली जशी आई लहान पोराच्या हातातून विळी काढते.

---

खिडकीबाहेर | शनिवार, रात्री ९:१५

वा, मजा आली. तर्री भाऊ तुमचं पटलं, मी खरंच "नवीन कोणालाच नको" असंच लिहायला निघालो होतो. आणि दुकान कुठे आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तर्री बघायला येतो.

अनारसे ताई, मंडळाचं राहिलं. आमचा गणपतीचा ढोल, दिवाळीचा बार आणि कोजागिरी. हॉल चर्चचा आहे, त्यांच्याकडे दारूचं लायसन्स नाही एवढं माहीत आहे. आत्तापर्यंत आम्ही काय करत होतो ते विचारू नका.

---

अनारसे | शनिवार, रात्री १०:४०

नाही विचारत. पण पुढे नीट करा, लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे ते उगाच नाही.

ढोल: मायक्रोफोन-स्पीकरशिवायचं लाइव्ह वाद्य सकाळी ८ ते रात्री ११ कुठेही वाजवा, ह्या कायद्याखाली लायसन्स लागत नाही, लोक कितीही असू देत. कायद्याच्या नजरेत तुमचं पन्नास जणांचं पथक आणि एखादा कोपऱ्यात बसून गिटार वाजवणारा मुलगा एकाच खात्यात! शिवाय आरती-पूजेसारख्या धार्मिक कार्यक्रमाला वेगळी सूटही आहे. पण ह्याचा अर्थ कोणी तक्रार करू शकत नाही असा नाही, आवाजाच्या उपद्रवाचा कायदा वेगळा आहे आणि तो ढोलालाही लागतो, आणि रस्त्यावरून मिरवणूक काढायची तर रस्त्याची परवानगी निराळी. हे लिहिताना तुमची खिडकी आठवली, तुमच्या ढोलासमोरही कोणाची तरी खिडकी असेल.

नाटक, लावणी: ५०० प्रेक्षकांपर्यंत, ८ ते ११, लायसन्स नको. आणि नाटकात काय दाखवायचं ह्यावर काउन्सिल अट घालू शकत नाही, संहिता आधी वाचायला मागणारं कोणी नाही, इथलं नाटकांचं सेन्सॉर १९६८ लाच गेलं. हॉलमध्ये गाणी लावून नाचायचं असेल तरी चर्च हॉल किंवा कम्युनिटी हॉलला ५०० पर्यंत सूट आहे, हॉलवाल्यांची लेखी संमती घ्या.

बार: इथे अडकाल. टेम्पररी इव्हेंट नोटीस (एका कार्यक्रमापुरतं काउन्सिलला कळवणं) द्या, २१ पौंड, एका वेळी ५०० पेक्षा कमी माणसं, त्यात तुमचे स्वयंसेवकही मोजायचे. पूर्ण दहा कामाचे दिवस आधी, नोटीस पोचल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस सोडून. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात धावत येतात सगळे, "ताई काहीतरी करा ना", काही करता येत नाही. उशिराची नोटीस पाच ते नऊ कामाचे दिवस आधी देता येते, पण तिला पोलिसांनी किंवा एन्व्हायर्नमेंटल हेल्थने नुसती हरकत घेतली की संपलं, सुनावणीही नाही. शेजारी मात्र ह्या नोटिशीला हरकत घेऊ शकत नाहीत. आणि "आम्ही विकत नाही, तिकिटातच दोन ग्लास आहेत" हे चालत नाही, तिकिटात धरलं म्हणजे विकलंच.

कोजागिरी: ही माझी आवडती. तर्री भाऊंचा अकरानंतरच्या गरम वड्याचा नियम मसाला दुधालाही लागतो, गरम पेय आहे ना. फुकट दिलं तर सूट, पण आत यायला तिकीट असेल तर ते फुकट धरत नाहीत. तुमचं मंडळ रजिस्टर्ड चॅरिटी असेल तर सूट आहे. नसेल तर दूध अकराच्या आत वाटा, किंवा तिकीटच ठेवू नका. चंद्र नाही तरी ढगातच असतो.

म्हणजे तुमची भीती बघा, पॉलिसीत अंगणाची वेळ आणि डिस्पर्सल मागितल्याने तुमच्या हॉलवर काही उलटत नाही. तुमचे कार्यक्रम बहुतेक ह्या सवलतींत बसतात नाहीतर नोटिशीवर चालतात, आणि नोटिशीला मुख्यतः पॉलिसी नाही, कायदा लागतो. उलट एक मुद्दा मंडळाच्या नावाने घाला, की छोट्या संस्थांसाठी नोटिशीचं मार्गदर्शन सोप्या भाषेत पॉलिसीत असावं. असले मुद्दे लगेच स्वीकारतात, त्यांनाही "सूचना मान्य केली" असं दाखवायला दोन-चार ओळी हव्या असतात.

---

तर्री_जास्त | शनिवार, रात्री ११:२०

चॅरिटीवाल्यांना अकरानंतर गरम चालतं हे मला आज कळलं. माझ्या वड्याने कोणाचं काय घोडं मारलं होतं?

---

खिडकीबाहेर | सोमवार, दुपारी १२:१०

अपडेट. काल बसून लिहिलं, पाच मुद्दे, दीड पान. अंगण रात्री १० ला बंद, डिस्पर्सल प्लॅन, बाटल्या, फोन नंबर, आणि तर्री भाऊंचा बसून-जेवणारा-उभ्याने-पिणारा फरक. खाली मंडळाच्या नावाने नोटिशीच्या मार्गदर्शनाचा मुद्दा वेगळा. नगरसेविकेला कॉपी टाकली, तिचं तासाभरात उत्तर आलं की ह्या विषयावर वॉर्डातून आलेली ही पहिलीच ईमेल. मुदत संपायला नऊ दिवस आहेत!

पबवाल्यालाही सांगितलं की असं असं लिहिलंय, मागून कळण्यापेक्षा बरं. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला त्यालाही ती ईमेल आली होती, त्याने उघडली नाही. फोन नंबर मात्र लिहून दिला, बघू शुक्रवारी उचलतो का.

आणि दिवाळीच्या नोटिशीसाठी हॉलच्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या एका जागेला वर्षात १५ च नोटिशी मिळतात, ह्या वर्षीच्या १३ होऊन गेल्यात, आणि एक गुजराती मंडळ विचारून गेलंय.

---

अनारसे | सोमवार, दुपारी १२:१४

दादा उत्तर देत बसू नका इथे. फॉर्म भरा आधी.